दोन अनोळखी रत्ने : टाफाइट आणि पेनाइट

रत्नांविषयी बोलायचे ते जवाहिऱ्याने किंवा ज्योतिषाने, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. जवाहिऱ्या भाव सांगतो, ज्योतिषी ग्रह सांगतो. दगड जमिनीतून वर काढणाऱ्या माणसाची आठवण दोघांच्याही बोलण्यात येत नाही. आम्ही जवाहिरे नव्हे आणि ज्योतिषीही नव्हे. आमची उमर कारखान्यांच्या फाटकांवर, गेट मीटिंगांत आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते नगरवाचनालयाच्या बाकावर. त्या वाचनात ज्या दोन खड्यांचा इतिहास आमच्या हाती लागला, तो आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

या दोन खड्यांची नावे आपल्या नवरत्नांत नाहीत. पंचांगात नाहीत, पेढीवरच्या काचेच्या पेटीतही बहुधा आढळणार नाहीत. एकाचे नाव टाफाइट, दुसऱ्याचे पेनाइट. दोन्ही खनिजे १९५० ते १९६० या एकाच दशकात शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली. तत्पूर्वी ती जगात नव्हती असे नाही. ती होती, माणसांच्या हातातही आली होती. पण टाफाइट स्पिनेल म्हणून आणि पेनाइट माणकाच्या राशीतला एक लाल दगड म्हणून गणले जात होते. दुर्मिळपणा हा दगडाच्या अंगचा गुण आहे असे आपण समजतो. या दोन खड्यांचा इतिहास पाहिला म्हणजे तो समज बराचसा ढिला पडतो. दुर्मिळपणाचा मोठा भाग आपल्या पाहण्यात असतो, हे आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

दगडाला विचारायचे तीन प्रश्न

आधी परीक्षेची रीत समजून घेऊ, कारण तिच्यावाचून पुढची हकीकत केवळ गोष्ट होऊन बसेल. रत्नपारखी दगडाला मुख्यतः तीन प्रश्न विचारतो. तू किती कठीण? तू किती जड? आणि प्रकाशाला तू कसा वागवतोस?

कठीणपणाची शिडी मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली घातली. सर्वांत खालच्या पायरीवर संगजिरे, ते १. सर्वांत वर हिरा, तो १०. वरच्या पायरीवरचा दगड खालच्या पायरीवरच्या दगडावर ओरखडा काढतो, एवढाच तिचा अर्थ. माणिक नवव्या पायरीवर बसते. परंतु पैलू पाडलेल्या खड्यावर ओरखडे काढून बघणे म्हणजे परीक्षेच्या नावाखाली नुकसान. म्हणून ही कसोटी जपून वापरतात.

जडपणाची कसोटी आर्किमिडीजच्या काळापासूनची आहे. खडा आधी हवेत तोलावा, मग पाण्यात बुडवून तोलावा. पाण्यात त्याचे वजन जितके घटते, तितक्या वजनाचे पाणी त्याने बाजूला सारलेले असते. हवेतल्या वजनाला त्या घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. खडा पाण्याच्या किती पट जड आहे, याचा तो आकडा. यासाठी चांगला तराजू आणि पेलाभर पाणी पुरते.

तिसरा प्रश्न प्रकाशाचा. बादलीतल्या पाण्यात काठी तिरकी धरली की ती मोडल्यासारखी दिसते. पाण्यात शिरताना प्रकाशाची चाल मंदावते आणि वाट वळते, म्हणून असे दिसते. हे वळणे किती, ते सांगणाऱ्या आकड्याला वक्रीभवनांक म्हणतात. पाण्याचा तो १.३३ आहे, हिऱ्याचा २.४२. दगडादगडाचा हा आकडा ठरलेला असतो आणि लहानशा यंत्रावर तो वाचता येतो. पण याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. काही स्फटिकांत प्रकाशकिरण शिरताच त्याच्या दोन वाटा होतात. त्या दोन वाटांचे वक्रीभवनांक निरनिराळे असतात. असल्या दगडातून पलीकडची रेघ पाहिली तर एकीच्या दोन दिसतात. याला दुहेरी वक्रीभवन म्हणतात. ज्या स्फटिकांची अंतर्रचना घनाकृती असते, त्यांत असे घडत नाही. त्यांत प्रकाश कोणत्याही दिशेने गेला तरी त्याला एकच वाट मिळते. हिरा घनाकृती, स्पिनेल घनाकृती. माणिक मात्र नव्हे. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. टाफाइटचा सारा शोध तिच्यावर उभा आहे.

लाल दगडांची जुनी गल्लत

शोधाकडे वळण्यापूर्वी हे स्पिनेल म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. माणिक आणि स्पिनेल हे दोन्ही लाल असतात, कित्येकदा शेजारी शेजारी सापडतात आणि डोळ्याला सारखेच भासतात. मोगल दरबारच्या फारसी लिखाणात 'याकूत' आणि 'लाल' असे दोन शब्द येतात. त्यांतला 'लाल' तो बहुधा स्पिनेलच. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पारख्यांना हा भेद काही अंशी माहीत होता. युरोपात तो शास्त्रीय रीतीने १७८३ साली फ्रान्सच्या रोमे द लील याने मांडला. तोपर्यंत राजेरजवाड्यांच्या खजिन्यांत कित्येक स्पिनेल माणकांच्या नावाने नांदून गेले. इंग्लंडच्या राजमुकुटात पुढच्या बाजूस मोठा तांबडा खडा बसवलेला आहे. त्याला 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' म्हणतात. पण ते माणिक नसून स्पिनेल आहे. 'तैमूर माणिक' म्हणून जो खडा हिंदुस्थानातून लंडनला गेला, तोही स्पिनेलच. नाव एकदा चिकटले की शास्त्राने निकाल दिला तरी ते निघत नाही, असा अनुभव आहे.

पण आपल्या हकिकतीत पारडे फिरते. इथे स्पिनेल हा तोतया नसून त्याच्याच नावाआड दुसरा कोणी दडलेला होता.

डब्लिनमधला जांभळा खडा

रिचर्ड टाफ हा मूळचा बोहेमियातला. त्याच्या घराण्याला आयर्लंडमधला वंशपरंपरागत किताब होता. पण पहिल्या महायुद्धात हे घराणे ऑस्ट्रियाच्या बाजूने राहिल्यामुळे १९१९ साली इंग्रज सरकारने तो काढून घेतला. रिचर्डचे आजोबा ऑस्ट्रियाचे पंतप्रधान होते. नातू डब्लिन शहरात राहून रत्नपरीक्षा करीत असे. १९४५ च्या ऑक्टोबरात त्याने तिथल्या एका जवाहिऱ्याकडून पैलू पाडलेल्या जुन्या खड्यांचा एक ढीग घेतला आणि एकेक खडा भिंगाखाली धरून निवडायला सुरुवात केली.

त्या ढिगात एक फिकट जांभळा खडा होता. वजन १.४१९ कॅरट, म्हणजे एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. रंग स्पिनेलचा, तकाकी स्पिनेलची. विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.६०, तेही स्पिनेलचेच. वक्रीभवनांक १.७२ च्या आसपास, स्पिनेलचा १.७१८. दुसरा कोणी असता तर 'स्पिनेल' अशी चिठ्ठी लावून खडा डबीत टाकून मोकळा झाला असता. पण टाफने भिंगातून पाहिले तेव्हा खड्याच्या मागल्या अंगावरचे ओरखडे आणि धुळीचे कण त्याला दुहेरी दिसले.

ते दुहेरीपण किती सूक्ष्म असेल, याचा आम्ही हिशेब मांडून पाहिला. टाफाइटच्या दोन वक्रीभवनांकांतला फरक ०.००४ ते ०.००५ एवढाच असतो. चार मिलिमीटर जाडीच्या खड्यात दोन प्रतिमांमधले अंतर जास्तीत जास्त मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढे भरते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. एवढ्या अंतरावर त्या गृहस्थाची नजर अडली आणि त्याने मनाशी म्हटले असेल, की स्पिनेलमध्ये असे होत नाही. जे दिसायला नको ते दिसले आणि त्याने ते डोळ्यांआड केले नाही.

१ नोव्हेंबर १९४५ रोजी त्याने तो खडा लंडनच्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेकडे धाडला. या प्रयोगशाळेच्या स्थापनेचाही थोडा इतिहास आहे. जपानातून आलेल्या संवर्धित मोत्यांनी व्यापाऱ्यांची झोप उडवली, तेव्हा नैसर्गिक आणि संवर्धित मोती ओळखण्यासाठी १९२५ साली ती उघडण्यात आली. त्याच मोत्यांनी पुढे मुंबईच्या मोतीबाजाराचेही कंबरडे मोडले. प्रयोगशाळेत बेसिल अँडरसन आणि पेन असे दोन परीक्षक काम करीत. या पेन यांच्या नावाचे स्पेलिंग पुढे येणाऱ्या मोगोकच्या पेन यांच्याहून निराळे आहे, पण मराठीत दोन्ही सारखीच होतात. म्हणून घोटाळा नको. त्यांनी खडा तपासला आणि टाफचे म्हणणे खरे ठरवले. पुढचे काम ब्रिटिश म्यूझियमच्या निसर्गेतिहास विभागात झाले. क्लॅरिंगबुल यांनी क्ष-किरणांनी अंतर्रचना पाहिली, मॅक्स हे यांनी रासायनिक पृथक्करण केले. त्यासाठी त्या इवल्याशा खड्याचाही काही भाग कापून द्यावा लागला. १९५१ साली नवे खनिज जाहीर झाले आणि शोधकाच्या नावावरून त्याला टाफाइट म्हणण्यात आले. बेरिलियम आणि मॅग्नेशियम ही दोन्ही मूलद्रव्ये ज्याच्या रचनेचा आवश्यक भाग आहेत, असे हे पहिलेच खनिज. पैलू पाडून तयार झालेल्या खड्यावरून नवे खनिज ओळखले गेले, असा प्रसंगही रत्नशास्त्रात पूर्वी घडला नव्हता.

आता मनात प्रश्न येतो तो असा. पैलू पाडलेला खडा म्हणजे कोणी तरी आधी कापलेला खडा. कोणी तरी तो मातीतून धुऊन काढला होता. तो मूळचा श्रीलंकेचा असावा असे मानतात. पुढे त्या बेटावर टाफाइट खरोखरच सापडले. तिथे रत्नपूर भागात भाताच्या शेतांखाली रत्नगर्भ खडीचा थर असतो, त्याला 'इल्लम' म्हणतात. विहिरीसारखा खड्डा खणायचा, लाकडांनी त्याच्या भिंती धरायच्या, पाणी उपसत राहायचे आणि वर आलेली खडी वेताच्या टोपल्यांत घालून पाण्यात गरगर फिरवायची. हलके ते वाहून जाते, जड ते तळाशी उरते. विशिष्ट गुरुत्वाची कसोटी ही प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी त्या टोपलीत होत आली आहे. म्हणजे टाफाइटची पहिली परीक्षा पाण्यात कमरेइतके उभे राहिलेल्या माणसाने घेतली. तिथे ते पास झाले, पण नाव मिळाले नाही.

मोगोक, मंडाले आणि रत्नागिरी

दुसऱ्या खड्यासाठी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये जावे लागते. मंडाले हे नाव मराठी माणसाला नवे नाही. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात तिथल्या तुरुंगात होते. आणि मंडालेचा राजा थिबा हा १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत इंग्रजांच्या नजरकैदेत होता. दोन गावांनी एकमेकांचे कैदी सांभाळले, असेच म्हणायचे. थिबाचा राजवाडा रत्नागिरीत आजही उभा आहे. तो पाहायला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की या राजाचे राज्य गेले तेव्हा त्याच्याबरोबर मोगोकच्या माणकांच्या खाणीही गेल्या.

मोगोक हे मंडालेच्या ईशान्येला डोंगरातले गाव. आसपास संगमरवरी खडक. त्यात माणिक तयार होते. खडक झिजून जी रत्नगर्भ खडी दरीत साचते तिला तिथे 'ब्योन' म्हणतात. राजाच्या अमलात ठराविक किमतीवरचा खडा राजाचा, असा कायदा होता. इंग्रजांच्या अमलात १८८९ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली, तिला खाणींचा पट्टा मिळाला. पंप आले, यंत्रे आली, गावाखालची खडीसुद्धा खणली गेली. परंतु १९०२ साली फ्रान्सच्या व्हर्नॉय याने भट्टीत कृत्रिम माणिक बनवण्याची कृती प्रसिद्ध केली आणि काही वर्षांत बाजारात त्याची रेलचेल झाली. १९२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या वाटेने विसर्जनात निघाली, १९३१ मध्ये तिने पट्टा सोडला. राजा गेला, कंपनी गेली. खड्डा खणून टोपलीत खडी धुणारी माणसे मात्र तिथेच राहिली.

या मोगोकमध्ये आर्थर पेन नावाचा इंग्रज रत्नसंग्राहक वावरत होता. त्याच्या हाती गडद तांबडा एक स्फटिक आला. षट्कोणी घडण, वजन १.७ ग्रॅम. माणकांच्या देशात सापडलेला तांबडा षट्कोणी दगड. त्याला माणिक समजणे अगदी स्वाभाविक होते. तो लंडनला ब्रिटिश म्यूझियमकडे गेला. तिथे टाफाइटचेच परीक्षक क्लॅरिंगबुल आणि हे, शिवाय प्रयोगशाळेतले ते दुसरे पेन, यांनी तो तपासून १९५७ साली नवे खनिज म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव पेनाइट.

पारड्यात दोघे

आता दोन्ही खडे शेजारी ठेवून पाहू. टाफाइटचा घटक बांधा बेरिलियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. पेनाइटचा कॅल्शियम, झिरकोनियम, बोरॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. दोन्हींत अ‍ॅल्युमिनियम भरपूर, म्हणूनच एक स्पिनेलच्या आणि दुसरे माणकाच्या शेजारात सापडते. कारण तीही अ‍ॅल्युमिनियमचीच संयुगे. दोन्हींत अशी दोन मूलद्रव्ये एकत्र आली आहेत, की निसर्गात त्यांची गाठ सहसा पडत नाही. टाफाइटमध्ये बेरिलियम आणि मॅग्नेशियम, पेनाइटमध्ये झिरकोनियम आणि बोरॉन. दुर्मिळपणाचे जे खरे, दगडाच्या अंगचे कारण आहे ते एवढे.

दोघांचीही स्फटिकरचना षट्कोणी. कठीणपणा टाफाइटचा आठ ते साडेआठ, पेनाइटचा आठच्या घरात. दोन्ही माणकाच्या एक पायरी खाली. जडपणात मात्र फरक आहे. टाफाइटचे विशिष्ट गुरुत्व ३.६० ते ३.६२, पेनाइटचे ४.०१. पण गंमत अशी, की ज्याच्या आड जो दडला त्याच्याशी त्याचे वजन तंतोतंत जुळते. स्पिनेलचे ३.६०, माणकाचे ४.००. पेनचा १.७ ग्रॅमचा स्फटिक पाण्यात बुडवला तर तो ०.४२४ ग्रॅम पाणी सारील; तेवढ्याच वजनाचे माणिक ०.४२५ ग्रॅम सारील. साध्या तराजूला हा भेद कळणे शक्य नाही. टोपली फिरवणाऱ्याच्या हाताला तर नाहीच नाही.

प्रकाशाच्या बाबतीत दोघांचा स्वभाव भिन्न आहे. टाफाइटचे वक्रीभवनांक १.७१९ आणि १.७२३ यांच्या आसपास, म्हणजे स्पिनेलला अगदी खेटून; दोहोंतला फरक इवलासा. पेनाइटचे १.७८७ आणि १.८१६, फरक ०.०२९, टाफाइटच्या सहा-सात पट. माणकाचे १.७६२ आणि १.७७०. त्यामुळे पेनाइटचा एकही आकडा माणकाशी जुळत नाही, आणि मोठा आकडा तर सामान्य वक्रीभवनमापकाच्या १.८१ या मर्यादेच्या किंचित बाहेरच पडतो. म्हणजे टाफाइट हे तराजूलाही सापडत नव्हते आणि आकड्यालाही; ते सापडले केवळ दुहेरी दिसण्याने. पेनाइट तराजूला फसवते, पण वक्रीभवनमापकापुढे त्याचे सोंग टिकत नाही. रंगाचा आणखी एक विशेष पेनाइटमध्ये आहे. स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने पाहिले तर तो माणकासारखा लाल, आणि आडव्या दिशेने पाहिले तर फिकट तपकिरी-नारिंगी दिसतो. धूपछाव वाणाची पैठणी हलवली की जसा पदर रंग पालटतो, तसाच हा प्रकार. त्याची लाली क्रोमियम आणि व्हॅनेडियम यांच्या लेशातून येते. माणकाची लालीही क्रोमियमचीच.

दोन्ही खड्यांची पहिली पृथक्करणे पुढे दुरुस्त करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. पेनाइटच्या पहिल्या पृथक्करणात झिरकोनियम निसटले होते. ते १९७६ साली मूर आणि अराकी या संशोधकांनी रचना सोडवली तेव्हा उघड झाले. टाफाइटच्या घटकांचे प्रमाणही १९८० नंतरच्या दशकात सुधारले गेले. हातात अवघा एक खडा, त्यातून कापायचा चिमूटभर. तेवढ्यावर पहिल्या मंडळींनी जे केले ते थोडे नव्हते. पुढच्यांनी ते तपासून सुधारले, याने आधीच्यांचा मान कमी झाला नाही.

टाफाइटच्या बाबतीत एक नवा पेच पुढे निघाला. १९६७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मस्ग्रेव्ह डोंगरात त्याचे सख्खे भावंड सापडले, त्याला मस्ग्राव्हाइट म्हणतात. घटक तेच, फक्त रचनेतल्या थरांचा क्रम आणि प्रमाण वेगळे. १९९३ मध्ये पैलू पाडण्याजोगा मस्ग्राव्हाइट प्रथम ओळखला गेला, आणि तेव्हापासून टाफाइट म्हणून ठेवलेले खडे पुन्हा तपासणे आले. इथे तराजू थकतो, वक्रीभवनमापकही थकतो; दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. खड्याला इजा न करता निवाडा देते ती रामन वर्णपटाची रीत. प्रकाश पदार्थातून विखुरताना त्याच्या रंगात जो सूक्ष्म पालट होतो, तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात दाखवून दिला. एकाच नमुन्याच्या दोन भावंडांतला भेद आज जगभरच्या प्रयोगशाळा त्या शोधाच्या आधाराने करतात. रामन यांनी त्या वेळी वापरलेली सामग्री अगदी साधी होती, हे गरीब देशाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

परीक्षेवाचून ठरवलेली प्रत

हे सारे वाचताना आम्हांला आमच्या धंद्यातली एक गोष्ट राहून राहून आठवली. एका कारखान्यात एक कामगार अकरा वर्षे हजेरीपटावर 'हेल्पर' म्हणून होता. यंत्र उघडणे, जोडणे, बसवणे ही फिटरची सर्व कामे तो करी, पगार हेल्परचा. आम्ही त्याची ट्रेड टेस्ट घ्या म्हणून अर्ज केला, तेव्हा उत्तर आले की हेल्परला टेस्ट नसते. म्हणजे हेल्पर लिहिला आहे म्हणून टेस्ट नाही, आणि टेस्ट नाही म्हणून हेल्पर! तीन वर्षे भांडून टेस्ट मिळाली. तीत तो पहिल्या झटक्यात उतरला. अकरा वर्षांचा फरक मात्र त्याला कोणी दिला नाही. शेजाऱ्यावरून प्रत ठरवायची आणि परीक्षा टाळायची, ही खोड दगडांच्या बाजारापुरती नाही, एवढेच सांगायचे आहे. एरवी माणूस म्हणजे दगड नव्हे. खडा डबीत पन्नास वर्षे पडला तरी त्याचे काही जात नाही.

दुर्मिळ केव्हापर्यंत?

आता शेवटचा मुद्दा. पेनाइटचा पहिला स्फटिक वर्णिला गेला १९५७ मध्ये. दुसरा ओळखला गेला १९७९ मध्ये. तिसरा २००१ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांत तीन! २००५ साली गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकाने पेनाइटला जगातले सर्वांत दुर्मिळ रत्नखनिज म्हणून नोंदले. आणि त्याच सुमारास मोगोकच्या परिसरात त्याची मूळ ठिकाणे सापडली. तिथल्या खणणाऱ्यांना आणि लहान व्यापाऱ्यांना हा तपकिरी-तांबडा दगड म्हणजे काय, त्याला मागणी आहे आणि तो कसा ओळखायचा, हे कळले. त्यानंतर स्फटिक आणि तुकडे मिळून हजारोंनी पेनाइट बाहेर आले. त्यांतले बहुतेक तडकलेले, काळपट. पैलू पाडण्याजोगा स्वच्छ खडा अजूनही फार विरळा आहे. पण पन्नास वर्षे ज्याचे तीन नग जगाला ठाऊक होते, ते हजारोंनी कसे निघाले? जमीन बदलली नव्हती. पाहणाऱ्या डोळ्यांना काय पाहायचे ते कळले होते.

मोगोकमध्ये एक जुनी चाल आहे. खाणीतून धुऊन टाकून दिलेल्या खडीत हात घालून जे मिळेल ते घेण्याचा हक्क गोरगरीब बायांना असतो. त्यांना 'कनासे' म्हणतात. दिवसभर पाण्यात वाकून त्या लहान लहान लाल ठिपके वेचतात. १९५७ पूर्वी आणि नंतरही किती पेनाइट त्यांच्या बोटांतून गेले असतील आणि माणिक नाही म्हणून पुन्हा पाण्यात पडले असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर त्या देशात यादवी पेटली, २०२४ च्या जुलैमध्ये मोगोक शहर सैन्याकडून बंडखोर फौजेच्या हाती गेले. खाणीचा धनी कोण याच्या बातम्या आपल्याकडे येतात. खडी धुणाऱ्यांच्या बातम्या येत नाहीत.

टाफ आणि पेन यांचे नाव खड्याला लागले, ते योग्यच झाले. टाफचा राजदत्त किताब सरकारी हुकमाने गेला. धुळीचा एक कण दुहेरी दिसला म्हणून मिळालेले नाव मात्र कोणाला काढून घेता येणार नाही. बारकाईने पाहणाऱ्याचा तो रास्त मान आहे. आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. ज्ञान लंडनच्या प्रयोगशाळेत होते तोवर पेनाइटचे तीन खडे होते. ते मोगोकच्या टोपलीपर्यंत पोहोचले तेव्हा हजारो झाले. विद्या खालपर्यंत पोहोचवणे हा परोपकार आहे असे आम्ही मानत नाही. त्याने विद्येचेच धन वाढते, याचा हा मोजून दाखवता येणारा पुरावा आहे. वसंतातल्या या व्याख्यानमाला ज्या हेतूने चालतात तो हेतू याहून वेगळा नसावा.

जगातल्या जुन्या पेढ्यांच्या डब्यांत, आजींच्या कुड्यांत, स्पिनेलच्या चिठ्ठीखाली आजही एखादे टाफाइट निजलेले असू शकेल. ते उठवायला फार मोठे यंत्र लागत नाही. एक भिंग लागते, खड्याच्या मागच्या अंगावरचा एखादा ओरखडा लागतो, आणि तो दुहेरी दिसला तर 'असे कसे?' म्हणून क्षणभर थांबणारा माणूस लागतो.